लाल अक्षरं मुलीच्या रिपोर्टात, काळजी मात्र मुलाची

पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी मूळची पुण्याची, लग्नानंतर इंग्लंडला लेस्टरमध्ये आले. मुलगा १६ वर्षांचा आहे, मुलगी साडेतेरा. या जुलैत सुट्टीला पुण्यात आलो तेव्हा सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. घरी येऊन रक्त नेतात ते पॅकेज होतं, त्यात हार्मोन्सही होती. मुलीचं लेप्टिन १३ आणि उपाशीपोटी इन्सुलिन १६ आलं, दोन्हींपुढे लाल अक्षरांत 'हाय'. तिची उपाशीपोटी शुगर ८६ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) ५.३ आहे. उंची १५४, वजन ४६, म्हणजे जाड मुळीच नाही. पाळी दीड वर्षापूर्वी सुरू झाली, आता बऱ्यापैकी नियमित आहे. रिपोर्ट आल्यापासून सासूबाईंनी तिचा भात, तूप, बटाटा बंद केलाय आणि तीही आता रात्री जेमतेम काकडी-टोमॅटो खाऊन उठते.

मुलाच्या रिपोर्टात एकही लाल अक्षर नाही. शुगर ९७, एचबीएवनसी ५.६, इन्सुलिन १४, लेप्टिन ९, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १४२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१. उंची १६८, वजन ६६. त्याची कटकट वेगळीच आहे. जीसीएसईची (इंग्लंडची दहावीसारखी) परीक्षा संपल्यापासून दुपारपर्यंत लोळतो, ३४ ची पँट लागायला लागली आहे, अंघोळ धड करत नाही, मानेवर काळा थर जमलाय तो मी घासूनही निघत नाही. असो. ह्यांना ३९ व्या वर्षी डायबेटिस निघाला आणि मुलाच्या वेळी मला गरोदरपणात शुगर होती, म्हणून मुलीची फार धास्ती वाटते. लेस्टरची मैत्रीण म्हणते, आपल्या एशियन लोकांच्या रक्तातच हे असतं. मग एकाच घरातल्या दोघांत एवढा फरक कसा? मुलीला औषध सुरू करावं लागेल का?

एक आई, लेस्टर

उत्तर:

ताई,

आधी मुलीचं ताट पूर्ववत करा. भात, तूप, बटाटा, सगळं. पत्राचा बाकीचा भाग जेवणं उरकल्यावर वाचलात तरी चालेल, पण हे आजच करा. औषधाचा तर प्रश्नच येत नाही.

तुमच्या मुलीच्या रिपोर्टातली लाल अक्षरं ही छापणाऱ्या यंत्राची आहेत. यंत्राला एक पट्टा भरून दिलेला असतो, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत नॉर्मल. त्याबाहेर गेलं की शाई लाल. समोरचं रक्त चाळिशीतल्या पुरुषाचं आहे की नुकत्याच वयात येणाऱ्या मुलीचं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चांगल्या प्रयोगशाळा वय आणि लिंग पाहून वेगळे पट्टे छापतात. तुमच्या घरच्या दोन्ही रिपोर्टांवर लेप्टिनचा पट्टा एकच होता, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोंत स्पष्ट दिसतंय, आणि तो मोठ्या माणसांचा आहे.

लेप्टिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली ते शोधलं. ते तयार करते आपली चरबी, आणि ते जाऊन मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, हा साधा हिशेब. पण मुलगी वयात येताना तिच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढणं हे ठरलेलंच असतं, आणि मुलाच्या शरीरात त्याच काळात स्नायू वाढतात. म्हणून याच वयात दोघांचे लेप्टिनचे आकडे एकमेकांपासून लांब जायला लागतात. मुलांमध्ये तर ते वयात येण्याच्या उंबरठ्यावर थोडं चढतं आणि टेस्टोस्टेरॉन वाढायला लागलं की खाली येतं. मुलींमध्ये चढतच राहतं. त्यातही गंमत अशी की चरबी अगदी तेवढीच असलेला मुलगा आणि मुलगी शेजारी उभे केले, तरी मुलीचं लेप्टिन जास्त भरतं.

याची दुसरी बाजू आईने समजून घ्यायची. मेंदूला 'साठा पुरेसा आहे' हा निरोप मिळाला नाही, तर तो पाळीचं काम थांबवतो. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ मध्ये नात्यातल्या दोन मुलांचं वर्णन केलं होतं, मूळ पाकिस्तानी कुटुंबातली, ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन बनत नव्हतं. ती मुलं कायम भुकेली असत आणि वजन बेसुमार वाढलेलं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर भूक ताळ्यावर आली. अशी उदाहरणं जगात अगदी मोजकी आहेत, पण त्यांतून एक गोष्ट पक्की झाली, की हे हार्मोन मुळात उपासमारीची सूचना देणारं आहे. वाढत्या मुलीला काकडी-टोमॅटोवर झोपवलं की लेप्टिन काही दिवसांत खाली येईल, सासूबाईंना पुढच्या रिपोर्टात शाई काळी झालेली दिसेल, आणि मग काही महिन्यांनी पाळी चुकायला लागली की तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

आता इन्सुलिन. वयात येताना ग्रोथ हार्मोन जोरात असतं आणि त्याच्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं. तेवढीच साखर आवरायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. हे जगातल्या प्रत्येक मुलामुलीत होतं, काटक्यासारख्या मुलांतही होतं, आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप उतरतं. याचा कळस येतो वयात येण्याच्या मधल्या टप्प्यात, आणि तुमची मुलगी त्यातून नुकतीच पुढे सरकते आहे. शिवाय मुलींचा आकडा मुलांपेक्षा थोडा वर असतो, तोही लहानपणापासून. इंग्लंडमध्येच प्लायमथला 'अर्लीबर्ड' नावाचा अभ्यास झाला, तिथली मुलं जवळजवळ सगळी गोरी. त्यात पाच वर्षांच्या मुलींमध्येसुद्धा मुलांपेक्षा इन्सुलिनला शरीराचा विरोध जास्त सापडला. पाचव्या वर्षी कुठली पाळी आणि कुठली स्त्री-हार्मोन्स! म्हणजे यातला काही भाग फक्त मुलगी असण्याचा आहे, घराण्याचा किंवा भाताचा नाही.

तुमच्या मुलीची शुगर ८६ आणि एचबीएवनसी ५.३ आहे. स्वादुपिंड थोडं जास्त काम करतंय आणि ते काम चोख होतंय. पाळी नियमित व्हायला लागली आहे. हनुवटीवर, ओठांवर जाड केस, न आवरणारी मुरमं, मान किंवा काखा काळवंडणं यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी घडी बसली नाही, किंवा यातलं काही दिसायला लागलं, तर पीसीओएसच्या (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाच्या) दृष्टीने दाखवा. इन्सुलिन जास्त राहिलं की अंडाशयातून पुरुषी हार्मोन्स जास्त सुटतात, म्हणून मुलींच्या बाबतीत ही खूण पाहायची. आज तसं काही नाही.

आता मुलाकडे येते. खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचताना मी त्याच परिच्छेदावर थांबले, जो तुम्ही 'असो' म्हणून सोडून दिलात.

मानेवरचा तो थर मळ नाही, ताई. घासणं बंद करा, त्याची त्वचा सोलवटेल आणि रंग आणखी गडद होईल. रक्तात इन्सुलिन बरेच दिवस जास्त राहिलं की मानेच्या मागच्या घड्या, काखा, कधी कोपरं आणि बोटांची पेरं काळपट, जाडसर, मखमलीसारखी होतात. मागून, उजेडात पाहा. चामडीच्या रेघा ठसठशीत दिसतील आणि कडेला बारीक चामखिळीसारखे ठिपके असू शकतात. आमच्या ओपीडीत अशी पोरं येतात तेव्हा बहुतेकांच्या आयांनी आधी बेसन, लिंबू, पायाचा दगड, सगळं करून पाहिलेलं असतं, आणि पोराला वर्षभर 'नीट अंघोळ कर' म्हणून बोलणी बसलेली असतात. त्याला एकदा सॉरी म्हणा.

आता त्याचे 'उत्तम' आकडे पुन्हा पाहू. ट्रायग्लिसराइड्स १४२. मोठ्यांसाठी १५० पर्यंत चालतं म्हणून शाई काळी राहिली, पण १० ते १९ वयाला ९० च्या खाली चांगलं आणि १३० किंवा त्यावर जास्त धरतात. म्हणजे हा आकडा जास्तच आहे. एचडीएल ४१ काठावर. शुगर ९७ आणि एचबीएवनसी ५.६, दोन्ही नॉर्मलच्या शेवटच्या पायरीवर, कारण १०० आणि ५.७ पासून पुढची अवस्था 'डायबेटिसपूर्व' म्हणून गणतात. लेप्टिन ९ हे मुलीच्या १३ पेक्षा कमी दिसतं खरं, पण सोळा वर्षांच्या सडपातळ मुलाचं सहसा याच्या निम्म्याहूनही कमी असतं. इन्सुलिन आणि उपाशीपोटी शुगर यांचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की इन्सुलिनच्या विरोधाचा एक ढोबळ अंदाज येतो. मुलीचा येतो ३.४, मुलाचा ३.३५. आकडा एकच, अर्थ मात्र दोन. तिचा वयात येण्याच्या काळातला आहे, उतरेल. त्याची वाढ आता संपत आली आहे, तिथे तो एव्हाना उतरायला लागलेला हवा होता.

वजनाचंही तसंच. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, येतो २३.४. इंग्लंडच्या वाढीच्या तक्त्यावर तो अजून रेषेच्या आत असेल, आणि तिथले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, 'ही इज फाइन' म्हणून पाठवून देतील. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वेगळे तक्ते काढले. मोठेपणीच्या २३ आणि २७ या बीएमआयकडे नेणाऱ्या रेषा त्यांवर जादा वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या म्हणून आखल्या आहेत. त्या तक्त्यावर तो जादा वजनात मोडतो. ३४ ची पँट हा पुरावा धरू नका, कंपनीगणिक माप बदलतं. बेंबीच्या जरा वर टेप लावून कंबर मोजा. उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे त्याच्यासाठी ८४ सेंटीमीटरपेक्षा, जास्त भरली तर पोटातली चरबी वाढली आहे असं समजायचं. हा निम्म्याचा नियम मुलगा-मुलगी, गोरा-सावळा सगळ्यांना सारखाच लागू पडतो, त्यामुळे मला तो फार आवडतो.

आपल्यासाठी वेगळे तक्ते का, इथे तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा येतो. ती बरीचशी बरोबर आहे.

यातलं मोठं काम तुमच्या-माझ्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा माग ठेवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साऊदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत कमी भरत होती, दंड बारीक, पोट लहान. चरबीचा थर मात्र त्या मानाने टिकून होता. पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा वजनाच्या मानाने आपल्या बाळांमध्ये इन्सुलिन आणि लेप्टिन जास्त निघालं. 'रोड पण चरबीदार' म्हणून हे बाळ जगभर प्रसिद्ध झालं. याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे आणि आतला माल वेगळा, हे इतक्या मिश्कीलपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला आठवत नाही.

आणि हे परदेशात वाढल्याने पुसलं जात नाही. लंडन, बर्मिंगहॅम आणि तुमच्याच लेस्टरमधल्या शाळांत २००४ ते २००७ या काळात नऊ-दहा वर्षांच्या हजारो मुलांची तपासणी झाली. तो 'चेस' अभ्यास. भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेल्या कुटुंबांतली मुलं गोऱ्या मुलांपेक्षा वजनाने जास्त नव्हती, तरी त्यांचं उपाशीपोटी इन्सुलिन जास्त, एचबीएवनसी किंचित जास्त, ट्रायग्लिसराइड्स जास्त, एचडीएल कमी. आफ्रिकन-कॅरिबियन कुटुंबांतल्या मुलांचंही इन्सुलिन जास्त निघालं, पण त्यांची ट्रायग्लिसराइड्स उलट कमी आणि एचडीएल चांगलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं की त्यांचं यकृत इन्सुलिन सावकाश निकालात काढतं, म्हणून रक्तात ते जास्त सापडतं. आपल्याकडे कारण बव्हंशी पोटातली आणि यकृतातली चरबी. रिपोर्टातला आकडा एकच असला, तरी त्याच्यामागची गोष्ट वेगळी असते. तुमच्या मुलाचा साचा बघा: इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड्स, कंबर, मान. आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरला हा साचा ओळखीचा वाटेल.

मात्र 'रक्तातच आहे' म्हणून हात वर करायचे नाहीत. 'चेस'मध्येच मुलांच्या कमरेला यंत्रं बांधून त्यांची हालचाल मोजली, तेव्हा दक्षिण आशियाई मुलं सगळ्यांत कमी हललेली आढळली, आणि प्रत्येक गटात मुली मुलांपेक्षा कमी. रक्त बदलता येणार नाही, हालचाल बदलता येते. आणि हे सगळे गटांचे सरासरी आकडे आहेत. शेजारची दोन मराठी मुलं एकमेकांपासून जितकी वेगळी असतात, त्यापुढे दोन गटांच्या सरासरीतला फरक लहानच असतो. तुमच्या दोन्ही मुलांचे पूर्वज तेच, घर तेच, ताट तेच. फरक पडला तो एक मुलगी आणि एक मुलगा असण्याचा, वयाच्या टप्प्याचा, आणि तुमच्या पोटात असताना त्याला मिळालेल्या साखरेचा. गरोदरपणातली शुगर त्याच्या वेळी होती, हे तुम्ही मुलीच्या काळजीसाठी लिहिलंत. ती नोंद त्याच्या फाइलवर हवी.

करायचं काय? लेस्टरला गेल्यावर जीपीची वेळ घ्या, मुलासाठी. तोंडी 'इन्सुलिन जास्त आहे' म्हणाल तर ते फारसं मनावर घेणार नाहीत, कारण उपाशीपोटी इन्सुलिनच्या आकड्यावर तिथे निदान करत नाहीत, आणि त्यात त्यांचं चूक नाही. ती चाचणी यंत्रागणिक वेगळी येते. त्याऐवजी या क्रमाने सांगा: वडिलांना ३९ व्या वर्षी डायबेटिस, आईला याच्या वेळी गरोदरपणातला डायबेटिस, मान काळवंडली आहे, आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली असेल तर तेही. मान दाखवा. एचबीएवनसी पुन्हा, उपाशीपोटी लिपिड, यकृताची एएलटी चाचणी आणि रक्तदाब एवढं मागा. तिथे एककं वेगळी असतात, गोंधळू नका. आपलं ५.६ तिथे ३८ दिसेल आणि ते ४२ पासून पुढेच शेरा मारतात. उपाशीपोटी शुगर ९७ म्हणजे तिकडचे ५.४.

घरी, त्याला आजारी ठरवू नका. सोळा वर्षांच्या मुलाला पथ्याचा डबा दिला की तो शाळेबाहेरच्या चिकन शॉपमध्ये जातो. कॅन आणि बाटल्या, म्हणजे एनर्जी ड्रिंक, ज्यूस, कोला, या घरात आणणं बंद करा, सगळ्यांसाठी. एवढ्या एका गोष्टीने ट्रायग्लिसराइड्स खाली आलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. सकाळी अंडी किंवा मोड आलेली उसळ, जेवणात पोळी-भाताबरोबर वाटीभर घट्ट वरण. दुपारपर्यंतची झोप परीक्षेनंतर एखादा आठवडा ठीक, पण रात्री दोनपर्यंत फोन आणि सकाळी उपाशी हे चक्र इन्सुलिनला मारक आहे. आणि रोज तासभर घाम. वजन उचलायला आवडत असेल तर उचलू दे, चांगल्या माणसाच्या देखरेखीखाली. स्नायू हे साखरेचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. फक्त जिमवाल्याने दिलेले पावडरीचे डबे मला विचारल्याशिवाय नकोत. वजन एकदम उतरवायचं नाही. तो अजून थोडा उंच होईल, तोवर वजन आहे तिथे राहिलं तरी कंबर कमी होते.

मुलीलाही हालचालीत ओढा, पण वजनाचं नाव न काढता. नाच, बॅडमिंटन, काहीही. आणि सासूबाईंना माझ्या नावाने सांगा की त्यांच्यामुळे नातवाची मान वेळेत कळली. हे खरंच आहे, त्यांनी रक्त काढून घेतलं नसतं तर तुम्ही मला लिहिलंच नसतं. म्हणजे तूप परत वाढताना फार वाद होणार नाही.

लेप्टिन पुन्हा तपासू नका, दोघांचंही नाही. मुलाचे जीपीकडचे आकडे आले की पाठवा. एचबीएवनसी ४२ च्या आत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. वर गेलं तर तिथल्या बालरोग विभागात पाठवायला सांगा, तेव्हा ही पुण्याची चिठ्ठीही सोबत न्या.